साडेतीनशे सीसी आणि शेवंती म्हैस

माणसाची उंची फुटात मोजतात आणि पत सीसीत. हे सत्य शाळेत शिकवत नाहीत, म्हणूनच शिकलेली माणसं बस स्टॉपवर उभी दिसतात.

आमच्या पेठेत मात्र या बाबतीत पहिल्यापासून शिस्त आहे. सायकलवाल्यानं मोपेडवाल्याला वाट द्यायची, मोपेडवाल्यानं स्कूटरवाल्याला, स्कूटरवाल्यानं एकशेपंचाहत्तर सीसीच्या फटफटीवाल्याला. पायी चालणाऱ्यासाठी नियम केलेला नाही, कारण तो आधीच गटारातनं चालत असतो. १९८५ साली तालमीनं पेठेची मोजणी केली. घरं दोनशे चौदा, म्हशी तीनशे नऊ, दुचाक्या सत्तेचाळीस, आणि साडेतीनशे सीसीची गाडी एकही नाही. (संडास अठ्ठावीस. हा आकडा मोजणीत नव्हता. मोजणाऱ्याला मध्येच लागली म्हणून कळला.) साडेतीनशे सीसी नाही, ही गोष्ट पेठेला फार लागली. संडासांचं कुणी मनावर घेतलं नाही.

हा कलंक पुसायचा मान कृष्णात गवळ्याला मिळाला.

कृष्णातकडं आठ म्हशी, एक आई आणि नऊ वर्षं वापरलेली एक एकशेपंचाहत्तर होती. ही गाडी म्हणजे नवशिक्याची गाडी. कुणीही बसावं, कुठंही पाडावी, लाथ घालून परत चालू करावी. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मागं वैरणीचा भारा आणि भाऱ्यावर आई, एवढं घेऊन ती निमूट चालायची. तिच्या सायलेन्सरला मधोमध गंजून भोक पडलं होतं आणि त्यातनं 'डुग-डुग-फस्स' असा आवाज यायचा. तो बोळाच्या तोंडाशी आला की गोठ्यातली शेवंती म्हैस कान टवकारायची आणि पान्हा सोडायची. कृष्णात बादली घेऊन पोचेपर्यंत पहिली धार जमिनीनं पिलेली असायची.

आता बाहेरच्या पावण्यांसाठी आमचा पाडवा समजावून सांगणं भाग आहे. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही म्हशी सजवतो. शिंगं रंगवतो, कवड्यांच्या माळा घालतो, डोक्यावर मोरपिसं बांधतो, आणि नदीच्या घाटापासून तालमीच्या दारापर्यंत पळवतो. म्हैस हाकायची नाही, ओढायची नाही. मालकानं फटफटीच्या सायलेन्सरमधली पुंगळी काढायची, म्हणजे कानठळ्या बसतील असा आवाज होतो, आणि पुढं सुटायचं. त्या आवाजामागं म्हशीनं आपल्या मनानं पळायचं. एकेक म्हैस, घड्याळ लावून. आणि सगळ्यांत कडक नियम असा, की मालकानं वाटेत मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर बाद. म्हशीवर ज्याचा विश्वास नाही त्याला मान कशाला द्यायचा, असा त्यामागचा विचार आहे. (बायकोच्या बाबतीत असा नियम पेठेत कुणी अजून सुचवलेला नाही.)

सलग पाच वर्षं ज्याची म्हैस पहिली येईल, त्याच्या दारावर तालमीचं निशाण कायमचं लागतं. कृष्णातचा बाप सयाजी, पेठेत फटफटी नव्हती तेव्हा, सायकलवरनं घंटी वाजवत म्हैस पळवायचा. चार वर्षं पहिला आला. पाचव्या वर्षीच्या भरवशावर त्यानं दाराच्या चौकटीवर निशाणासाठी खिळा ठोकून ठेवला, आणि घाटाच्या चढावर त्याच्या सायकलची चेन पडली. पुढच्या आषाढात तो गेला. डॉक्टर कावीळ म्हणाले. त्याची बायको झुंबरबाई अजून चेन म्हणते. तो खिळा एकोणीस वर्षं रिकामा होता. झुंबरबाई त्याला दर पाडव्याला तेलाचं बोट लावायची, गंजू नये म्हणून.

आणि आता शेवंती चार वर्षं ओळीनं पहिली आली होती.

अशा ऐन वेळी दूध संस्थेचे चेअरमन गणपतराव यांनी दूरदृष्टी दाखवली. गणपतरावांची दूरदृष्टी पेठेत प्रसिद्ध आहे. जवळचं त्यांना दिसत नाही. ते गोठ्यात आले आणि एकशेपंचाहत्तरकडं, लग्नात जेवायला बसलेल्या अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघत राहिले.

"कृष्णात, पाचव्या वर्षाला तू ह्या खटाऱ्यावर येणार?"

"म्हस पळती की, चेरमनसाब. गाडीकडं कोण बघतंय?"

"सगळं गाव गाडीकडंच बघतंय. म्हशीकडं बघायला म्हस काय कुणी बघितली न्हाय व्हय? निशाण घेताना मी तुझ्या मागं बसणार हाय. संस्थेच्या अब्रूचा परश्न हाय."

त्याच आठवड्यात ठराव झाला, तो असा: 'संस्थेचे सभासद श्री. कृष्णात यांनी प्राथमिक स्वरूपाच्या वाहनावरून प्रगत स्वरूपाच्या वाहनावर पदोन्नत व्हावे. सूचक चेअरमन. अनुमोदक चेअरमनांचे मेहुणे. विरोध एक.' विरोध झुंबरबाईचा होता आणि ती चहा द्यायला आली होती, म्हणून तो मोजला नाही.

तिचा विरोध काय होता, तेही नोंदवतो.

"शेवंतीला इच्यारलंस?" ती म्हणाली.

"म्हशीला काय इच्यारायचं, आई?"

"पळायचं तिला हाय न्हवं."

कृष्णात हसला. चेअरमन हसले. मेहुणे, हसायचं ठरलंय असं कळल्यावर, हसले.

साडेतीनशे आली ती लाल रंगाची, दोन सायलेन्सरांची, बसलेल्याला पुढं वाकायला लावणारी. तिला बघायला पेठ वडगावहून लोक आले. तिच्या टाकीवर झुंबरबाईनं कुंकू लावलं, तेवढ्यात एकानं 'रंगाला डाग पडतोय' म्हणून ते रुमालानं पुसलंसुद्धा. जुनी एकशेपंचाहत्तर शेजारच्या गल्लीतल्या फक्रुद्दीननं घेतली. त्याची बेकरी होती आणि तोवर तो खारी-टोस्टाची पत्र्याची पेटी सायकलवर घेऊन दारोदार फिरायचा. गाडी घेताना त्यानं सीसी विचारली नाही, वेग विचारला नाही.

"पेटी बसंल न्हवं मागं?" एवढंच विचारलं. अशा माणसांमुळंच देश मागं आहे.

साडेतीनशेचे फायदे ताबडतोब दिसू लागले. तिला किटल्या अडकवायला जागा नव्हती, त्यामुळं दूध सायकलवरनं जाऊ लागलं. कृष्णात पहाटे सायकलवर दूध घालून यायचा, अंग पुसायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि साडेतीनशेवरनं तीच गिऱ्हाइकं परत फिरून बघून यायचा. वैरणीचा भारा झुंबरबाई डोक्यावरनं आणू लागली. यालाच घरातल्या प्रत्येकाला प्रगतीत सामावून घेणं म्हणतात.

एकच किरकोळ अडचण आली. शेवंती अकरा लिटरवरनं चारवर आली.

संध्याकाळी बोळात नवी गाडी किंचाळत शिरायची आणि शेवंती कान पाडून भिंतीकडं तोंड करायची. मग तासाभरानं पलीकडच्या गल्लीतनं फक्रुद्दीनची 'डुग-डुग-फस्स' जायची, आणि शेवंती आपली पान्हा सोडायची. तोवर बादली उचलून ठेवलेली असायची.

संस्थेनं हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीनं हाताळला. तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम आखला. पहिल्या आठवड्यात गाडी गोठ्यात शेवंतीशेजारी उभी केली. अहवाल: म्हशीनं सीटचा कोपरा खाल्ला. दुसऱ्या आठवड्यात गाडी जागेवर चालू ठेवून समोर पेंड ठेवली. अहवाल: म्हशीनं पेंड खाल्ली, गाडीबाबत मत दिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात कृष्णातनं गाडीला शेवंतीचं शेण चोपडलं, वासानं तरी ओळखंल म्हणून. अहवाल: आता कृष्णातलाही कुणी जवळ घेईना. शेवटी चेअरमननी शेरा मारला, 'प्रगती समाधानकारक', आणि सही केली. आजवर त्यांनी दुसरा शेरा मारल्याचं दप्तरात आढळत नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी कृष्णात बेकरीत गेला. मान खाली होती.

"फक्रूभाई, उद्याच्या दिवस जुनी गाडी देतोस?"

"तुझीच समज की. पण चेरमनला काय सांगशील? त्यो फेटा बांधून बसायचाय ह्या पेटीवर?"

कृष्णातनं नखानं काउंटर खरवडला आणि तो दोन खारी घेऊन परत आला. खरं सांगायचं तर त्यालाही त्या लाल गाडीवरनं उतरवत नव्हतं. सगळं गाव बघणार होतं.

पाडव्याला चारच्या सुमारास घाटावर चारशे माणूस. शेवंतीच्या शिंगांना हिंगूळ, गळ्यात कवड्या, पाठीवर चुन्यानं सयाजीचं नाव. झुंबरबाईनं तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि बाजूला झाली. पुढं कृष्णात, मागं फेटा बांधलेले चेअरमन. दोन्ही पुंगळ्या काढलेल्या. पंचानं रुमाल टाकला.

तो आवाज असा झाला, की घाटावरच्या एका म्हाताऱ्यानं, आयुष्यात पहिल्यांदाच, बायकोचं बोलणं ऐकू येत नसल्याचं खरं सांगितलं. दोन सायलेन्सरांतनं निळा धूर उठला. धुरातनं गाडी सुटली आणि गाडीमागं चारशे माणूस सुटलं. म्हातारे पळाले, धोतरं सोडून पळाले, एक तर लंगडा होता तो सगळ्यांच्या पुढं पळाला. पुढच्यांना गाडी दिसत होती. मागच्यांना पुढचे दिसत होते. 'आली, आली' असं जो तो ओरडत होता. कृष्णातनं नियम पाळला आणि मागं बघितलं नाही. जुन्या गाडीवर त्याला पाठीमागं खुरं ऐकू यायची. आज काहीच ऐकू येत नव्हतं, पण नियमात ऐकण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. तालमीच्या दारात दुसऱ्या पंचानं घड्याळ दाबलं. एकतीस सेकंद. पेठेच्या इतिहासात इतकी चपळ म्हैस झाली नव्हती.

गुलाल उडाला. हलगी लागली. चेअरमननी निशाण हातात घेतलं. फोटोग्राफरनं फोटो काढला. आता मागं बघायला परवानगी होती, म्हणून कृष्णातनं बघितलं.

"शेवंती कुठं हाय?"

"यील की मागनं," चेअरमन म्हणाले. "हस तू. फोटो काढत्यात."

शेवंती घाटावरच होती. धूर विरला तेव्हा ती तिथंच रवंथ करत उभी होती आणि तिच्याशेजारी झुंबरबाई. एवढ्यात नदीकडच्या वस्तीत सणाची टोस्टं घालून फक्रुद्दीन घाटावरनं परत निघाला. डुग-डुग-फस्स.

शेवंतीनं शेपूट वर केलं.

फक्रुद्दीननं सहज मागं वळून बघितलं (त्याला नियम लागू नव्हता) आणि त्याला रंगवलेली दोन शिंगं दिसली. त्यानं गाडी पिळली. शेवंतीनं चाल वाढवली. तालमीच्या बरोब्बर उलट्या दिशेनं, तीन गल्ल्या, एक तिकटी आणि पिठाच्या गिरणीला वळसा घालून ती पळाली. जाणकार सांगतात, असं पळणं पुन्हा होणे नाही. जाणकार एकच होता. तिच्यामागं अनवाणी पळणारी झुंबरबाई, वय चौसष्ट.

कृष्णात निशाण घेऊन बेकरीपाशी पोचला तेव्हा शेवंती पत्र्याच्या पेटीत तोंड घालून उभी होती.

"मी काय बी केलं न्हाय बाबा," फक्रुद्दीन म्हणाला. "हीच मागं लागली. तीन किलो टोस्ट खाल्लं. खारीला तोंड लावत न्हाय बघ, जाणती हाय."

कृष्णातनं आईपुढं निशाण धरलं. तिचा धाप लागलेला ऊर खालीवर होत होता.

"कुणी मिळवलं?" तिनं विचारलं.

कृष्णातनं लाल गाडीकडं बघितलं.

"मग त्या गाडीलाच बांध. खिळ्याला हात लावायचा न्हाय. तुझ्या बाची चेन पडली, पर म्हस त्याच्या मागं उभी हुती."

कृष्णातनं निशाण संस्थेच्या कचेरीत नेऊन दिलं. चेअरमननी ते आपल्या खुर्चीमागं लावलं. झुंबरबाई खिळ्याला आता दुधाची गाळणी अडकवते. तेल लावत नाही.

कृष्णातनं गाड्या अदलाबदल करायची विनवणी केली, पण फक्रुद्दीनचा इलाज नव्हता. आता जुन्या गाडीच्या आवाजावर त्याचं गिऱ्हाईक दार उघडायला शिकलं होतं. शेवटी ठरलं असं, की रोज संध्याकाळी फक्रुद्दीन गोठ्याच्या दारात दहा मिनिटं गाडी चालू ठेवून उभा राहणार आणि तांब्याभर दूध घेऊन जाणार. शेवंती पुन्हा अकरा लिटरवर आली. साडेतीनशे गोठ्यात पोत्याखाली असते. सीटवर कोंबडी बसते, आणि आजवर तिच्यावर बसलेल्यांत अंडं दिलं ते तिनं एकटीनंच.

तालमीनं झाल्या गोष्टीपासून धडा घेऊन नियम सुधारला: 'स्पर्धकाने शक्य असल्यास म्हैस आणावी.' पुढच्या पाडव्याला अकरा गाड्या उतरल्या आणि चार म्हशी. गर्दी दुप्पट झाली.

तो फोटो संस्थेच्या कचेरीत निशाणाखाली लावला आहे. कधी आलात तर बघा. लाल गाडी आहे, चेअरमनांचा फेटा आहे, गुलाल आहे, आणि मागं हात वर करून, तोंडं उघडी टाकून पळत आलेली चारशे माणसं आहेत. म्हैस शोधू नका. शोधायचंच असेल तर दुसऱ्या रांगेत बघा, डावीकडनं चौथं, चप्पल हातात घेऊन सगळ्यांत मोठ्यानं 'आली, आली' ओरडणारं तोंड कुणाचं आहे ते. ओळखीचं वाटेल. घाटावर त्या दिवशी नुसत्या आवाजामागं न पळालेलं जनावर एकच होतं, आणि तुम्ही घरी जाऊन पोराला म्हणालात, म्हशीला अक्कल नसते.