भिंत अजून ओलीच आहे

"मशीन न्यायला आलोय, ताई."

"भिंत अजून ओलीच आहे," तिनं दार अर्धंच उघडून सांगितलं. बाळ आत झोपलं होतं, म्हणून तर बोलण्यात एवढा ठामपणा होता.

वाळवणवाला हिरमुसला. भिजलेली घरं वाळवून देणं हा त्याचा धंदा, आणि या घरानं त्याच्या धंद्याची पार अब्रू काढली होती. "अहो, एवढ्या वेळात माणूस अख्खी विहीर वाळवेल! तिकडे एका घरात पार स्वयंपाकघरापर्यंत पाणी शिरलंय, ते लोक माझ्या नावानं शंख करतायत."

"करू देत. ओल्या भिंतीपाशी माझं बाळ झोपवू का?"

तो चपला काढून आत आला.

झालं होतं असं, की पाणी गेलेलं असताना न्हाणीघराचा नळ कुणीतरी उघडाच ठेवला, आणि सगळं घर बाळाला लस टोचून आणायला बाहेर पडलं. मागाहून पाणी आलं. न्हाणीघरात मावेना, तेव्हा झोपायच्या खोलीत जाऊन पसरलं. गादी फुगली, कपाटाचे पाय फुगले, मधल्या भिंतीचे पापुद्रे सुटायला लागले. नळ कुणी उघडा ठेवला, यावरून नवरा आणि सासरे अजून एकमेकांकडे संशयानं बघत होते.

मग वाळवणवाल्यानं पिंपाएवढं एक धूड आणून खोलीत ठेवलं आणि बटण दाबलं. घुंऽऽऽ! सासऱ्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "हा काय भोंगा आणलाय? माणसांनी राहायचं की नाही या घरात?"

आणि तेवढ्यात, जन्मल्यापासून सलग तासभरही न झोपलेलं बाळ झोपलं. नुसतं झोपलं नाही, मूठ उघडून झोपलं. ती मूठ तिनं अंघोळ घालतानाच काय ती मोकळी पाहिली होती, तीही जबरदस्तीनं. आत काय मळ साठलाय ते बघायला म्हणून. ती पाळण्याशेजारी बसली. त्या तळहातावर आपलं बोट ठेवावंसं वाटलं, पण ठेवलं नाही. मग तिनं दोन्ही हातांनी, बसून, गरम गरम जेवून घेतलं. केस धुतले. धुतलेले केस वाळायच्या आत स्वतः झोपली. उठल्यावर मशीनचं नाव तिनं 'मावशी' ठेवलं.

मावशी जाणार म्हटल्यावर नवऱ्यानं तिचा आवाज मोबाइलवर भरून घेतला. बाळानं तो क्षणभर ऐकला आणि असं टाहो फोडून रडलं, की जणू कुणी त्याच्या हातावर खोटं नाणं ठेवलं होतं. टेबलफॅन लावून झाला, मिक्सर रिकामा फिरवून झाला. शेवटी नवरा स्वतः घुंऽऽ करत पाळण्याभोवती फिरला, तेव्हा बाळ रडायचं थांबलं खरं, पण हसायला लागलं. झोपेचं नाव नाही.

तेव्हापासून ती रोज दुपारी, सासऱ्यांचा डोळा चुकवून, कपाटामागच्या कोपऱ्यात भिंतीवर फडकं पिळत होती. पाळण्यापासून लांब, अगदी खाली, जमिनीलगत. त्यात तिला काडीची लाज वाटत नव्हती.

वाळवणवाल्यानं ओल मोजायचं यंत्र कपाटामागे टेकवलं. लाल दिवा, टींऽऽ. तिनं चेहरा शक्य तितका दुःखी केला. मग त्यानं चवड्यांवर उभं राहून खिडकीशेजारी, पार वर टेकवलं.

लाल दिवा. टींऽऽ.

"खालीही ओल, वरही ओल. म्हणजे आतला पाइपच फुटलाय," म्हणत त्यानं पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला. "फोडावी लागणार."

"भिंतीला हात लावायचा नाही!" ती हात पसरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "पाइप धडधाकट आहे. मी ओली करते भिंत. रोज. मशीन बंद झाली की बाळ झोपत नाही, आणि ते झोपलं नाही की मी नाही झोपत. काय करायचं ते करा!"

वाळवणवाल्यानं हातोडा खिडकीच्या दिशेनं वर केला. "आणि वरची?"

"वरची नाही हो. तिथे माझा हात तरी पोचतो का?"

"मग आहेच पाइप फुटलेला. थांबा, पाण्याचा आवाज येतो का बघू." आणि तिनं 'नको नको' म्हणेपर्यंत त्यानं मशीन बंद केली.

घरात इतकी शांतता झाली, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. वाळवणवाल्यानं भिंतीला कान लावला. तिनं पाळण्याकडे पाहिलं. उघडी मूठ हळूहळू मिटायला लागली होती.

"मशीन कुणी बंद केली?" शेजारच्या खोलीतून गर्जना झाली आणि सासरे तरातरा बाहेर आले. "आत्ता कुठे माझा डोळा लागला होता!"

त्यांच्या हातात पाणी फवारायची बाटली होती. ती कुठे ठेवावी हे न सुचून त्यांनी ती तशीच उंच धरली.

"झाडांना मारत होतो," ते म्हणाले.

"बाबा, आपल्याकडे झाडं नाहीत."

"मग लावा! घराला शोभा येते." एवढं बोलून ते खिडकीशेजारच्या ओल्या भिंतीकडे न बघता खाली बसले. मग मशीनकडे बोट दाखवून म्हणाले, "तुझी सासू अस्सच घोरायची. जन्मभर भांडलो तिच्याशी त्यावरून. ती गेल्यापासून मेली झोपच येत नाही."

तिनं त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि आपल्या फडक्याशेजारी नेऊन ठेवली.

वाळवणवाल्यानं छिन्नी-हातोडा पिशवीत टाकला. "ही मशीन मला न्यायलाच हवी, बाबा. तिकडे लोक खरोखर पाण्यात आहेत. पण माझ्या गाडीत एक जुनी पडलीये. वाळवत काही नाही, नुसती ओरडते."

"आधी ऐकवा," सासरे म्हणाले. "मग ठरवू."

जुनी मशीन आली. घर्रऽऽऽ! बाळाचा ओठ थरथरला, थांबला. सासऱ्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली.

"जरा वरच्या पट्टीतली आहे," ते म्हणाले. "लग्नानंतर पहिलं वर्ष तीही अशीच होती. होईल सवय."

पाळण्यात मूठ उघडली होती.