कासेबा मामा आणि कोंबडीचा पेटा

बुपेने मामाला मारलं ते पूर्ण विचार करून. हाताला लागेल त्या नातेवाइकाला उगाच मारणारी बाई नव्हती ती. दोन्ही आज्या गेल्या वर्षीच कामी आल्या होत्या, एक मुलीच्या गोवराला आणि एक मुलीच्या शाळाप्रवेशाला. आत्या होती, पण ती इथेच किट्वेत राहायची आणि दर शनिवारी बाजारात टोमॅटो निवडताना अख्ख्या गावाला दिसायची. उरला कासेबा मामा. मामा म्पोरोकोसोला, म्हणजे दोन बस आणि एक पुरता दिवस. ऑफिसची गाडी तिथवर जायचा प्रश्नच नव्हता.

"मारायला असा लांबचाच माणूस बरा," ती नवऱ्याला म्हणाली. "कुणाला त्रास नाही, मामालाही नाही."

नवरा, कबासो, खाणीतली पाळी संपवून आला होता आणि त्याला फक्त उशी दिसत होती. मामाला कळवणार का, एवढंच त्याने विचारलं. बुपे म्हणाली, छे, म्हाताऱ्याला कशाला काळजी! आणि तिने रजेच्या अर्जावर 'कासेबा मामाचे दुःखद निधन' असं सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं.

तर प्रकरण असं होतं. लग्न ठरलं की मुलीकडच्या बायका घरचं रांधलेलं डोक्यावर घेऊन, गात गात जावयाच्या दारी जातात. याला म्हणतात विस्तव दाखवणं. आमची चूल कशी पेटते ते बघ बाबा, आणि आजपासून आमच्याकडे जेवायला ये, असा त्याचा अर्थ. पण हल्ली मुलीची आई बँकेत, मावशी लुसाकाला, नवरी स्वतः मोबाइलमध्ये. शेगडीपुढे चार तास कोण बसणार? बुपे बसणार! घेवडा, सुकी मासळी, अळंबी, शेंगदाण्याच्या कुटातला भोपळ्याचा पाला, सुकवलेल्या अळ्या आणि सगळ्यांच्या वर ती अख्खी गावरान कोंबडी, हे सगळं आजीच्या हातचं वाटेल असं रांधून द्यायचं, असा तिचा धंदा. धंदा म्हणजे अजून एकच ऑर्डर होती. पण ती मुतांबो मावशींची होती, आणि मुतांबो मावशी म्हणजे निम्म्या किट्वेच्या लग्नांतल्या मुख्य करवल्या. त्या खूश झाल्या तर प्रत्येक पोरीचा विस्तव बुपेच्या चुलीवरून जाणार. नाराज झाल्या तर बुपेने पुढचं आयुष्य ऑफिसात पार्सलच्या तीन नंबर खिडकीतच काढायचं.

त्या खिडकीचा तिला मनापासून कंटाळा आला होता. नऊ वर्षं लोक तिला 'ओ, तीन नंबर' म्हणत होते. घरी आली की चिलुफ्याची आई, सासरी कबासोची बायको. जगात कुठेतरी एखाद्या पातेल्यावरून तरी आपलं नाव निघावं, एवढीच तिची इच्छा होती. नवऱ्याचा पाठिंबा पूर्ण होता. तो म्हणायचा, तू नोकरी कर, घर कर, वर धंदाही कर, तुझ्या वाटची झोप मी काढतो.

जावई खाणीत, त्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणून कार्यक्रम शुक्रवारी दुपारी. सकाळपासून बुपे आणि दोन शेजारणी कामाला लागल्या. ताटं मांडायला जागा हवी म्हणून बैठकीतला सोफा अंगणात काढला. जमिनीवर चटया टाकल्या. अंगणात तीन शेगड्या, एक मोठं पेटतं लाकूड, कमरेला चितेंगे म्हणजे रंगीत छापील कापडं गुंडाळलेल्या बायका, कांदा चिरून लाल झालेले डोळे. सगळं कसं छान जमून आलं होतं.

एकच गोष्ट बुपेच्या लक्षात आली नाही. आपल्याकडे सोफा अंगणात, बायका चटईवर आणि दारात जाळ दिसला की घरात मयत झालंय हे सांगावं लागत नाही. आणि माणूस मरो म्पोरोकोसोला, त्याच्यासाठी रडायला लोक शहरातल्या भाचीच्याच घरी येतात!

साडेअकराला फाटकात ऑफिसची गाडी थांबली.

पहिली उतरली दोन नंबर खिडकीतली एडिना. तिने फाटकातच डोक्यावर हात घेतले आणि असा हंबरडा फोडला की शेगडीवरचं झाकण हललं. मागून सात जण. त्यांच्या मागून मोठे साहेब, चिसांगा साहेब, काळा कोट घालून. आणि सगळ्यात मागे ड्रायव्हर, खांद्यावर मक्याच्या पिठाचं पोतं आणि दोन्ही काखांत कोबी. ऑफिसचा शोक रिकाम्या हाती येत नाही.

बुपेच्या हातात डाव होता. तो तसाच घेऊन ती उभी राहिली. मग शोकात शोभेल असं तिने एडिनाच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

"घर किती नीट लावलंयस गं," एडिना हुंदक्यातून म्हणाली. "स्वयंपाकसुद्धा सुरू केलास!"

बायका चटईवर बसल्या, पुरुष सोफ्यावर जाळापाशी. रडणं ऐकून गल्लीतले लोकही यायला लागले. कुणी मेलंय हे कळलं की कोण ते विचारायच्या आधी बसायची आपल्याकडे रीत आहे. शेजारणींनी बुपेकडे बघितलं, बुपेने शेजारणींकडे. ऑफिसची दहा माणसं, वर गल्ली, आणि पातेली तीन. आणि शोकाला आलेल्याला जेवल्याशिवाय सोडता येत नाही.

ती अजून हिशेब करतेय तोवर फाटकाशी टॅक्सी थांबली, आणि डोक्यावर गोणी घेऊन साक्षात कासेबा मामा उतरला. अळ्या आणि अळंबी त्याच्याकडूनच मागवली होती. ती बसवाल्याबरोबर पाठव म्हणून तिने दहादा बजावलं होतं. पण चांगल्या अळ्यांच्या बाबतीत मामाचा बसवाल्यांवर विश्वास नव्हता.

मामा फाटकात थबकला. आतून दहा-बारा बायका त्याचं नाव घेऊन रडत होत्या. जन्मात पहिल्यांदाच इतक्या बायकांना त्याची आठवण झाली होती.

बुपे धावली आणि त्याच्या गळ्यात पडली. बघणाऱ्यांचे डोळे भरून आले. तिने मामाच्या कानात दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"कशाने गेलो?" मामाने हळूच विचारलं.

"तापाने."

"नुसत्या तापाने?" मामा दुखावला. "निदान मगरीने तरी ओढून न्यायचं होतंस."

तेवढ्यात सहा वर्षांची चिलुफ्या घरातून ओरडत आली, "कासेबा मामा आले! कासेबा मामा आले!"

एडिना रडता रडता मध्येच थांबली. गल्लीतले लोक वळून बघायला लागले. बुपेचं तोंड मात्र चाललं. "हे मामांचे धाकटे भाऊ," ती म्हणाली. "वारस. नाव यांनाच मिळालंय."

झालं! माणूस गेला की त्याचं नाव वारसाला जातं, हे सगळ्यांना ठाऊक. माना हलल्या. एकट्या चिसांगा साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. अजून माती व्हायची आहे ना, त्यांनी विचारलं, मग नाव इतक्यात कसं दिलं?

"आमच्या घराण्यात उशीर चालत नाही, साहेब," मामा गोणी उतरवत म्हणाला. "फार मोठा माणूस होता तो. असं नाव उघड्यावर ठेवू नये."

मग मामा सोफ्यावर बसला आणि गेलेल्याबद्दल बोलायला लागला. गेलेला किती उदार होता, किती देखणा होता, तरुणपणी दोन गावच्या पोरी कशा त्याच्यावरून भांडल्या. आणि अशा माणसाला, मामा डोळे पुसत म्हणाला, थंडीत एक कोट हवा होता, पण शहरातल्या भाचीने शेवटपर्यंत पाठवला नाही. सगळ्या ऑफिसने बुपेकडे पाहिलं. बुपेने खाली मान घातली.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण मामा आता घरचा कर्ता पुरुष झाला होता, आणि कर्त्या पुरुषाला पाहुणा उपाशी बघवत नाही. बुपे आत शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घोटत होती, पातेल्यातला घेवडा कुणाला कसा पुरवायचा या विवंचनेत. तेवढ्यात बाहेर मामाने उठून सगळ्यात मोठ्या पातेल्याचं झाकण काढलं आणि साहेबांच्या ताटात स्वतःच्या हाताने मानाचा घास वाढला.

बुपे बाहेर आली तेव्हा चिसांगा साहेब डोळे मिटून चावत होते.

"काय शिजवलंय!" साहेब म्हणाले. "इतका मऊ पेटा मी आईच्या हातचा खाल्ला होता."

जावयापुढे जाणारी कोंबडी अख्खी असावी लागते. मान, पाय, पंख, काळीज आणि पोटातला पेटा. त्यातही पेटा फक्त जावयाचा. पेटा नसलेली कोंबडी पाठवणं म्हणजे जावयाला भर पंगतीत 'तू कोण रे?' असं विचारणं. अशा कोंबडीवरून लग्नं मोडलेली तिने ऐकली होती. आणि गावरान कोंबडी शिजायला तीन तास, घड्याळात दीड.

दोन वाजता साहेब घाईने उठले. लुसाकाच्या हेड ऑफिसची महत्त्वाची मीटिंग आहे, फोनवरून, असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. घेवडा संपला होता, पाला अर्धा झाला होता. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि समोरून मुतांबो मावशींची गाडी आत आली. पेटा आणायला बाजारात पळायचा बुपेचा बेत तिथेच बारगळला.

मावशी उतरल्या. अंगणातला सोफा बघितला. जाळ बघितला. डोळे पुसत परतणारे गल्लीतले लोक बघितले.

"चिलुफ्याची आई," त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "या घरात कुणी गेलंय का? मयताच्या चुलीवरचं अन्न मी जावयापुढे नेणार नाही. खरं सांग."

"कुणी गेलं नाही, मावशी," मामा पुढे होऊन म्हणाला. "माझी तर खात्रीच आहे."

मावशींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मामा जिवंत असल्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती, त्याच्या मिशीला रस्सा लागला होता. मावशींनी मान हलवली आणि लवकर बांधाबांध करायला सांगितलं. पाल्याची आणि घेवड्याची भर काढायला बुपेजवळ एकच गोष्ट होती, ऑफिसने आणलेला कोबी. तिने तो शेंगदाण्याच्या कुटात परतून वेळ निभावली. कोंबडीचे पंख तिने असे दुमडून ठेवले की आत काय आहे आणि काय नाही ते झाकणाच्या देवालाच ठाऊक.

जावयाच्या घरी बायका गात आत शिरल्या. बुपे सगळ्यात मागे, डोक्यावर कोंबडीचं पातेलं, मनात एकच जप की कोंबडी तपासणारं मोठं माणूस कुणी म्हातारं, आंधळं निघू दे. गुडघ्यांवर बसून तिने पातेलं खाली ठेवलं. जावई रीतीप्रमाणे मान खाली घालून बसला होता. त्याच्या शेजारी त्याचा मामा. कोंबडी तपासायचा मान मामाचा.

मामा काळ्या कोटात होता. बुपेने कोट ओळखला. मग तिने नजर वर केली.

चिसांगा साहेबांनीही बघितलं. लुसाकाची मीटिंग चालू होती म्हणायची.

बोलण्यासारखं दोघांपाशी इतकं होतं की कुणी सुरुवात करावी हेच कळेना. शेवटी साहेबांनी डाव उचलला, एक पंख बाजूला केला, दुसरा केला, मान, पाय, काळीज. डाव थांबला. बुपेने बघितलं, साहेबांच्या कपाळावर घाम आला. पेटा कुठे आहे हे त्या अख्ख्या घरात फक्त दोन माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकाच्या तो पोटात होता.

"काय, भाऊ?" मागून जावयाची आई म्हणाली. "सगळं आहे ना?"

"आहे," साहेब म्हणाले आणि झाकण टाकलं. "पेटासुद्धा आहे. मी स्वतः खात्री केली आहे. मऊ आहे."

"आणि हा कोबी?" जावयाची आई म्हणाली. "विस्तव दाखवायला कोबी कोण आणतं?"

"कोबीला काय झालं?" साहेब एकदम चिडले. "चांगला कोबी आहे. मी स्वतः निव..." आणि त्यांना जोराचा ठसका लागला. पाणी द्यायला बुपेच पुढे झाली.

पंगत झाली. जावयाने बोटं चाटली. परतताना मावशींनी गाडीत सगळ्या बायकांसमोर विचारलं, "हे रांधलं कुणी, सांगा बघू?" आणि स्वतःच म्हणाल्या, "बुपेने." तीन नंबर नाही, चिलुफ्याची आई नाही. बुपेला इतका आनंद झाला की ती खिडकीबाहेर बघत बसली. घरी आली तेव्हा कासेबा मामा कबासोचा एकुलता एक कोट घालून आरशासमोर उभा होता. वारसाचा हक्क, तो म्हणाला.

मावशींनी पुढची ऑर्डर दिली ती नेमकी गुरुवारची. सोमवारी बुपे अर्ज घेऊन साहेबांच्या टेबलाशी उभी राहिली. साहेबांनी मान वर केली नाही.

"आता कोण गेलं?"

"कुणी नाही, साहेब. ऑर्डर आहे."

साहेबांनी दाराकडे बघितलं, मग अर्जाकडे, आणि सही केली. शुक्रवारची लुसाकाची मीटिंग छान झाली, असं ते सहज म्हणाले. हो साहेब, बुपे म्हणाली, कोबीचं कौतुक झालं असं माझ्याही कानावर आलं.

धंदा आता बरा चाललाय. रजेसाठी बुपेला कुणाला मारावं लागत नाही. फक्त ऑफिसच्या तोंडाला त्या मयताच्या जेवणाची चव लागली आहे. दर शुक्रवारी एडिना खिडकीतून वाकते आणि फार मायेने विचारते, "काय गं, तुझी आत्या कशी आहे? इथे किट्वेतच असते ना? मग आम्हाला जवळच पडेल."