झूमकोचं काय खरं न्हाई

गिऱ्हाईक दुकानात आलं की त्याला माल विकायचा नाही, यासाठी घाम गाळणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. सुकुमारअण्णा मगदूम. सांगलीत गणपती पेठेच्या मागं एका बोळात त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं आणि त्यांच्याच माडीवर मी भाड्यानं राहत होतो. मी पाटबंधारे खात्यातला कारकून. बायको साताऱ्याला शिक्षिका, म्हणून बिऱ्हाड साताऱ्यात आणि मी सांगलीत. दर शनिवारी एसटीत बसायचं, इस्लामपूर, कऱ्हाड, उंब्रज मोजत जायचं आणि परत मोजत यायचं. केबल टीव्ही नुकता घरोघर येऊ लागला होता, त्या वर्षांची ही गोष्ट. त्या वर्षांत मी कधी ताजातवाना होतो असं मला आठवत नाही.

एकदा वडूजचे एक मास्तर दुकानात आले. मी पायरीवर चहा पीत बसलो होतो.

"एक झूमको द्या," मास्तर म्हणाले.

"कशाला?" अण्णांनी विचारलं.

"पोरगा स्कॉलरशिपला बसला, पास झाला. कबूल केलं हुतं त्याला."

"डोळं जातील त्याचं."

"तासभरच खेळंल की."

"वडूजला व्होल्टेज असतंय का?"

"असतंय."

"आज असंल. उद्याचं काय?"

मास्तर अण्णांच्या डोक्यावरच्या फळीकडं बघत होते. तिथं झूमकोचे दोन खोके, चकचकीत, चिकटपट्टीसकट. "ते काय मग?"

"ते व्हय? ते नादुरुस्त हायत."

"पॅक दिसत्यात की."

"पॅकमधीच नादुरुस्त हायत," अण्णा म्हणाले. मग काउंटरवर वाकून, घरचं दुखणं सांगावं तसं हळूच म्हणाले, "खरं सांगू का मास्तर? कंपनीचंच काय खरं न्हाई. त्यापरीस बॅट-बॉल घ्या. बॅटची कंपनी बुडाली तरी बॅट चालती."

मास्तर बिचारे बॅटच्या दुकानाचा पत्ता घेऊन गेले. अण्णांनी खोक्यांवरची धूळ पुसली आणि ते खोके फळीवर आणखी आत सरकवले.

'काय खरं न्हाई' हे अण्णांचं आवडतं वाक्य. कृष्णेच्या पाण्याचं काय खरं न्हाई, दिल्लीतल्या सरकारचं काय खरं न्हाई, तुमच्या सातारा गाडीचं तर काय खरं न्हाई. मी एकदा आनंदानं सांगितलं, की माझी साताऱ्याला बदली होईल असं साहेब म्हणालेत. "साहेबाचं काय खरं न्हाई," अण्णा म्हणाले. पुढं ते बरोबरच ठरलं, पण त्या वेळी मला फार राग आला होता.

झूमको म्हणजे टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं यंत्र. वर कॅसेट खोचायची, पुढं दोन वायरी, दोन वायरींना दोन रिमोट, आणि मग बटणं दाबून पडद्यावरच्या माणसाला पळवायचं. सांगली आणि सातारा अशा दोन जिल्ह्यांची एजन्सी अण्णांनी घेतली ती मी राहायला यायच्या आधी, तेव्हा त्यांचा उत्साह बघण्यासारखा होता म्हणे. दारावर कापडी फलक, फलकाला झेंडूची माळ. दुकानात टीव्ही मांडून ते स्वतः खेळून दाखवायचे. आता अण्णा पडले जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून, चालताना पायाखाली बघून. कंपनीनं पाठवलेल्या बंदूकवाल्या कॅसेटी त्यांनी खोक्यातनं बाहेरसुद्धा न काढता परत धाडल्या. एक जंगलाची कॅसेट तेवढी ठेवली. तिच्यात दोन टोपीवाली माणसं पळतात, वाटेत सरडे येतात. सरड्याच्या डोक्यावर उडी मारली की सरडा मरतो आणि गुण मिळतात. अण्णा सरड्यावरून लांब उडी मारून पलीकडं जायचे.

"मारा की त्याला!" बघणारी मंडळी ओरडायची.

"मारायचं न्हाई, चुकवायचं," अण्णा म्हणायचे. "त्यो त्याच्या वाटंनं चाललाय. आपून आपल्या."

असा माल खपणार कसा? तरी सुरुवातीला बरा खपला. मग हळूहळू कंपनीची लक्षणं दिसू लागली. कंपनीचा माणूस पहिल्यांदा आला तो टाय लावून. पुढच्या खेपेला टाय नव्हता. त्याच्या पुढच्या खेपेला दुसराच माणूस आला, 'नवीन मॉडेल येतंय' म्हणून पाणी पिऊन गेला. नंतर कुणीच आलं नाही. अण्णा एसटीडी बूथवर जाऊन फोन लावायचे, तिकडं नुसती घंटा वाजायची. पण अण्णांना खरी धास्ती बसली ती खोक्यामुळं. "भाऊसाहेब, हे बघा," त्यांनी मला एक दिवस बोलावून दाखवलं. "पयल्या मालात थर्माकोल एवढा जाड हुता. आता बघा. कंपनी आतनं वाळत चालली हाय." मी दमून ऑफिसातून आलो होतो. मला त्या थर्माकोलचं काहीही वाटलं नाही.

मला वाटायचं, एजन्सीत पैसे अडकलेत म्हणून माणूस हळवा झालाय. पण मग माल विकत का नाही, हे कोडं काही सुटत नव्हतं.

आता दादांबद्दल सांगतो. धनपालदादा अण्णांचे थोरले भाऊ, हळदीचे अडते. एकाच घराचे दोन भाग, मध्ये सामाईक अंगण. दोघांचं बोलणं नाही. वडील गेल्यावर वाटणी झाली, अण्णांनी हळद सोडून हे दुकान घातलं, तेव्हा दादा चारचौघांत म्हणाले, "हळद सोडून वायरी इकणारा माझा भाऊ न्हवं." अण्णा म्हणाले, "न्हवं तर न्हवं." झालं. एवढंच कारण. मी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. अण्णांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळं त्यांचं ताट वहिनी न चुकता दिवस मावळायच्या आत पाठवायच्या. पण दोघा भावांत शब्द नाही.

म्हणजे शब्द होता, पण तो भाडेकरूमार्फत. माझ्या आधीच्या भाडेकरूनं पाण्याच्या त्रासामुळं जागा सोडली असं मला सांगण्यात आलं होतं. ते तितकंसं खरं नसावं. सकाळी मी तोंडात ब्रश घालून अंगणात उभा असायचो. दोन हातांवर अण्णा, दोन हातांवर दादा.

"भाऊसाहेब, त्याला सांगा, मोटर बंद कर."

"भाऊसाहेब, त्यांला सांगा, टाकी भरायची हाय."

आणि दोघं थांबायचे. मी ब्रश काढून, फेस थुंकून, "दादा म्हणतात मोटर बंद करा," असं म्हटल्याशिवाय ते ऐकू आलं असं धरायचंच नाही, असा त्या घराचा कायदा होता. मोटर तोवर चालूच. दिवसभर साहेबांचं ऐकायचं आणि घरी आल्यावर हे. वैताग यायचा.

दुपारी एक वाजला की अण्णा शटर अर्धं खाली ओढायचे आणि चारला उघडायचे. मधल्या वेळात आतून झूमकोची पिपाणी वाजत असायची, हे मला एखाद्या आडवारच्या सुटीला कळायचं. साठीला आलेला माणूस एकटाच दार लावून खेळतो, म्हणून मी त्यांची पुष्कळ थट्टा केली.

एक दिवस अंगात ताप भरला म्हणून मी दुपारीच घरी आलो. तापाची गोळी मागावी म्हणून अंगणातून दुकानाच्या मागल्या दारात गेलो आणि तिथंच थांबलो. चटईवर अण्णा बसले होते. त्यांच्या शेजारी, डोक्याला पांढरी टोपी, हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे, दादा. पहिला रिमोट अण्णांच्या हातात, दुसरा दादांच्या. दोघांची नजर टीव्हीत. तोंडातून चकार शब्द नाही. पडद्यावर दोन टोपीवाली माणसं सरडे चुकवत चालली होती. दादांचं माणूस खड्ड्यात पडलं. अण्णांचं थांबलं. दादांचं पुन्हा आलं, दोघं पुढं निघाले. शेवटी एक मोठा राक्षस आला. तो चुकवता येण्यासारखा नव्हता, त्याला मारल्याशिवाय वाटच नव्हती. तर ही दोन माणसं त्याच्यासमोर कडेला शेजारी शेजारी उभी राहिली, वेळ संपेपर्यंत. मग पडदा काळा झाला. दादांनी रिमोट खाली ठेवला, वायर नीट गुंडाळली, टोपी सारखी केली आणि माझ्या शेजारून अंगणात निघून गेले.

"रोज?" मी विचारलं.

"रोज," अण्णा म्हणाले.

"आणि बोलत नाही?"

"त्यात बोलायचं काय?"

मग गोळी शोधता शोधता त्यांनीच सांगितलं. सुरुवातीला दादा भांडायला आले होते. म्हणजे आधीच्या भाडेकरूला घेऊन आले होते, 'त्याला सांगा, आवाज कमी कर.' अण्णांनी आवाज कमी केला. दादा तसेच उभे राहिले, बघत. दुसरा रिमोट चटईवर पडलेला होता. दुसऱ्या दिवशी ते बसले.

"ह्या खेळात कसं हाय भाऊसाहेब, एक मागं ऱ्हायला की चित्र पुढं सरकत न्हाई. दुसऱ्यानं थांबावंच लागतंय." त्यांनी फळीवरच्या खोक्यांकडं बघितलं. "पर ही कंपनी. बिघडला तर पार्ट न्हाई, काय न्हाई. ह्यो बंद पडला तर त्यो कशाला यील हिकडं? त्याला निमित्त तरी काय?"

तापात असल्यामुळं असेल, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वडूजच्या मास्तरांना बॅटच्या दुकानात का पाठवलं तेही कळलं. त्यानंतर मी थट्टा बंद केली.

मग एका उन्हाळ्यात व्होल्टेजनं दावा साधला. चालू सेट जळाला, फळीवरचा एक खोका उतरला. पावसाळ्यात तोही गेला, दुसरा उतरला. त्याची बटणं इतकी कडक, की पॅकमधीच नादुरुस्त असं अण्णा म्हणाले होते ते अगदीच खोटं नव्हतं. दाबून दाबून त्यांचा अंगठा सुजला. ते बाम चोळायचे आणि दुपारी एक वाजला की पुसून टाकायचे, वास येऊ नये म्हणून. पुढं त्या सेटचंही चित्र थरथरायला लागलं. त्याच सुमारास पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं बातमी आणली, की कंपनी आता व्हिडिओ गेम सोडून डास मारायचं मशीन काढणार आहे.

"मारायचं?" अण्णांनी विचारलं.

"डास मारायचंच ना."

"मग गेली म्हणायची कंपनी," अण्णा म्हणाले आणि स्टुलावर बसले.

सोमवारी सकाळी अंगणात ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, साताऱ्याच्या दुकानाला आपून माल दिला हुता. शनवारी जाशीला तवा बघा, एखादा पीस उरलाय का." नेहमीपेक्षा जरा मोठ्यानंच म्हणाले. पलीकडं दादा दात घासत होते. मला दुसऱ्याला काही सांगायला लावलं नाही, म्हणून मला बरंच वाटलं.

शनिवारी साताऱ्याला पोचलो. घरी जायच्या आधी, पाय बोलत असताना, त्या दुकानात गेलो.

"एकच हुता," दुकानदार म्हणाला. "बुधवारी गेला. तुमच्या सांगलीचंच गृहस्थ हुतं. पांढरी टोपी, हात पिवळे. एसटीनं आलं, एसटीनं गेलं. आमी म्हणलं, आवं, नातवाला का? तर ते नुसता पयला रिमोट हातात घेऊन बटणं दाबत बसले. म्हणले, ह्यो मऊ पायजे, त्याच्या अंगठ्याला सूज हाय."

हळदीच्या हंगामातसुद्धा मिरजेच्या पलीकडं न गेलेला माणूस कामाच्या दिवशी साताऱ्याला येऊन गेला होता. आणि बामाचा वास त्याला रोज येत होता.

रविवारी बायकोला शाळेचं काम होतं, म्हणून मी सकाळच्याच गाडीनं परत फिरलो. अंगणात दादा वाटच बघत होते. पोत्याखालून त्यांनी खोका काढला आणि माझ्या हातात दिला.

"त्याला सांगा, तुमीच आणला साताऱ्यासनं."

"दादा, तुम्हीच द्या की."

"तुमीच आणला म्हणा," ते म्हणाले आणि घरात गेले.

अण्णांना रविवार ठाऊक नव्हता, दुकान उघडंच होतं. मी खोका काउंटरवर ठेवला. "मिळाला," म्हटलं. "साताऱ्याचा." यात खोटं काही नव्हतं. अण्णांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. त्यांनी चिकटपट्टी काढली, थर्माकोल उचलला आणि त्यांचे हात थांबले. पांढऱ्या थर्माकोलवर पिवळ्या बोटांचे ठसे होते. खोक्यातून हळदीचा वास येत होता. त्यांनी पहिला रिमोट घेतला, बटण दाबलं. मऊ होतं. पुन्हा दाबलं. मग कितीतरी वेळ ते नुसते दाबतच राहिले.

एक वाजत आला होता. ते उठले, माझ्यासोबत मागल्या दाराशी आले. पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता.

"भाऊसाहेब, त्यांला सांगा..." अण्णांनी सुरुवात केली. मी सवयीनं घसा साफ केला. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

आणि मग, गंजलेली कडी निघावी तशा आवाजात, "दादा."

भांड्यांचा आवाज थांबला.

"दादा, झूमको आलाय. ह्याचा आवाज लय कमी हाय."

पलीकडं भांडी पुन्हा वाजायला लागली. मला वाटलं, संपलं आता. मग दारातून दादांचा आवाज आला.

"भाऊसाहेब, त्याला सांगा, आलो म्हणून."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. अण्णा केव्हाच शटर अर्धं ओढायला गेले होते.