कानाला कोंबडी

आमच्या शेजारचे तात्या रोज दिवेलागणीला कोंबडी कानाला लावायचे. लोक टेलिफोन लावतात तशी. एक हात पंखांवर, दुसरा पोटाखाली, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर असा भाव की पलीकडून कुणीतरी महत्त्वाचं बोलतंय. एक झाली की दुसरी. अशा सातही कोंबड्या ऐकून झाल्या की त्यांना खुराड्यात घालायचे, फळी लावायचे आणि हातपाय धुऊन भजनाला बसायचे.

मी लग्न होऊन बेलापुरात आले तेव्हा वीस वर्षांची होते. माहेर नगर शहरातलं. कोंबडी मी पाहिली होती ती ताटातच. पहिल्याच संध्याकाळी परसातल्या बुटक्या भिंतीवरून हा प्रकार बघितला आणि आमच्या ह्यांना विचारलं, "शेजारचे बरे आहेत ना हो?"

"बरे आहेत की," हे म्हणाले. "कोंबड्या ऐकतात, एवढंच."

हे साखर कारखान्यात टाइमकीपर. तात्या त्याच कारखान्यातून नुकते रिटायर झालेले, मिल हाऊसचे फिटर. चालू यंत्राच्या बेअरिंगवर लोखंडी गज टेकवायचा, दुसरं टोक कानामागे धरायचं आणि सांगायचं, "हे आठ दिवसांत जानार." नवे इंजिनियर हसायचे. नवव्या दिवशी कुणी हसायचं नाही. तीच सवय त्यांनी घरी आणली होती. यंत्र नव्हतं, म्हणून कोंबड्या.

बरं, माणूस माळकरी. मांसमच्छी लांबच राहिली, अंड्याला बोटसुद्धा लावायचे नाहीत. खुराड्यातलं अंडं उचलायला एक पळी वेगळी ठेवलेली, खुंटीला टांगून. पळीत अंडं घेऊन, हात लांब धरून, गल्लीत कुणी बाळंतीण असेल, कुणी पोटुशी असेल, तिच्या दारात जाऊन उभे राहायचे. अंड्याचा विटाळ मानायचे आणि ते घालणारी मात्र गालाला लावायचे. हे कोडं मला काही सुटेना. मी एकदा भिंतीवरून विचारलंही, "तात्या, खायच्या नाहीत तर पाळता कशाला हो?" त्यांनी मान वर केली नाही. कोंबड्यांना दाणे टाकत राहिले.

असं एकदा नाही, दहादा झालं. माझा स्वभाव आधीच तिखट. हाक मारली की माणसानं ओ द्यावी, एवढी माझी साधी अपेक्षा. तात्या पाठमोरे असले की खुशाल ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. समोर जाऊन उभं राहिलं तर म्हणायचे, "जवळ येऊन बोलत जा, सूनबाई. लांबनं बोललेलं खरं नसतं." मी मनात म्हटलं, शिष्ट आहे म्हातारा. फिटरच होता, कलेक्टर नव्हता.

मग तो दुष्काळाचा उन्हाळा आला. धूळ इतकी की वाळत घातलेलं पातळ मातीच्या रंगाचं होऊन घरात यायचं. गल्लीतल्या कोंबड्या शिंकायला लागल्या. कोंबडी शिंकते हे मला तेव्हा कळलं. डोळ्यांत फेस, नाकाला शेंबूड, चोच उघडी टाकून घरघर. लोक म्हणाले, मानमोडी आली. मानमोडी म्हणजे कोंबड्यांची महामारी, आली की खुराडं रिकामं. आणि मग आमच्याकडची रीत अशी की कोंबडी मरायच्या आत पाहुणे बोलवायचे. त्या आठवड्यात गल्लीत रोज कुणाच्या तरी घरी रस्सा उकळत होता. आमच्या ह्यांना चार ठिकाणची आमंत्रणं आली. दुष्काळात एवढं चांगलं जेवण ह्यांनी परत कधी केलं नाही.

तात्या मात्र घरोघर सांगत फिरत होते, "मानमोडी न्हाई ही. मान वाकडी न्हाई, पाय लुळं न्हाईत. छाती हाय नुसती. थांबा जरा." पण पातेलं चुलीवर चढलेल्या घरात थांबा कोण ऐकतो?

पलीकडच्या गजराकाकूंनी रस्सा केला नाही, दुसरी रीत केली. आपली सगळ्यात आजारी कोंबडी घेतली, तिला हळदकुंकू लावलं, गल्लीतल्या सगळ्या खुराड्यांवरून ओवाळली आणि गावाच्या शिवेवर मरीआईच्या दगडापाशी नेऊन सोडली. म्हणजे उतारा. पीडा तिच्यासोबत गावाबाहेर गेली. अशा कोंबडीला कुणी हात लावत नाही, तिच्याकडे वळून बघतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या टमरेल घेऊन शिवेकडे गेले आणि परत आले ते एका हातात टमरेल, दुसऱ्या हातात ती कोंबडी. कपाळावर हळदकुंकू तसंच.

गजराकाकू दारात रांगोळी घालत होत्या. त्यांच्या हातून रांगोळीची वाटीच पडली. "अहो तात्या, काय केलं तुमी हे? आख्ख्या गल्लीची पीडा हाय ती."

"पीडा कसली? कानाला लावून बघितली. छाती भरलीय नुसती, आठ दिवसांत मोकळी हुईल," तात्या म्हणाले, आणि तिला आपल्या परसात डालग्याखाली झाकली.

एवढा शहाणा माणूस, पण एक चूक केली. डालगं ठेवलं ते खुराड्याला खेटून. चौथ्या दिवशी त्यांच्या सातही कोंबड्या घुरघुरायला लागल्या. सहाव्या दिवशी एक गेली, सातव्या दिवशी दुसरी. गल्ली म्हणाली, भोगा आता, देवीचं उचललंत ना. मीही म्हणाले. खोटं कशाला सांगू?

आणि मग चंद्री चोच उघडी टाकून बसली.

चंद्री म्हणजे त्यांची सगळ्यात म्हातारी कोंबडी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. ती बसली हे कळल्यावर गजराकाकूच माझ्याकडे आल्या आणि चुलीपाशी टेकल्या. म्हणाल्या, "ही गेली तर म्हाताऱ्याचं काय खरं न्हाई बाई. सरूबाईनं पदराखाली वाढवलेलं पिल्लू हाय ते." सरूबाई म्हणजे तात्यांच्या बायको. मी यायच्या वर्षभर आधी गेल्या. माहेर कोंबड्या पाळणारं, सासर माळकरी. पण त्यांचा जीव कोंबड्यांत, म्हणून तात्यांनी परसात खुराडं बांधून दिलं. बाकीच्या सहा नंतरच्या, चंद्री तेवढी सरूबाईंच्या हातची. 'पाळता कशाला' या माझ्या प्रश्नाची मला लाज वाटली.

गजराकाकू ओच्यातून अडुळशाचा पाला घेऊन आल्या होत्या. स्वतः द्यायला तोंड नव्हतं. मी दिला.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर गल्लीत कुणाच्या गाईला बघायला आले होते, त्यांना मी ओढून आणलं. ते म्हणाले, आजारी वेगळ्या ठेवा, जागा कोरडी करा, धूळ उडू देऊ नका, आणि पाण्यात घालायला पूड दिली. तात्यांनी त्याच दिवशी खुराडं उपसलं, राख पसरली, उताऱ्याची कोंबडी दुसऱ्या कोपऱ्यात नेली. अडुळशाचा काढा करून कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब चोचीत सोडायचे. मग चंद्रीला मांडीवर घेऊन दिवसभर ओट्यावर. भजन बंद, जेवण बंद. मी भाकरी नेऊन ठेवली की अर्धी तिला चुरायचे.

बाकीच्या हळूहळू सावरल्या. सगळ्यात आधी कोण सावरली असेल, तर ती उताऱ्याची. तिनं अंडंसुद्धा दिलं. तात्यांनी ते पळीत घालून गजराकाकूंच्या दारात नेलं. काकूंनी ते घेतलं, पण आधी पाया पडल्या. तात्यांच्या की अंड्याच्या, ते मला विचारू नका.

एका दुपारी मी परसात भांडी घासत होते. भिंतीपलीकडून तात्यांचा आवाज आला. "सूनबाई, जरा हिला ऐक."

हातात चंद्री. डोळे उघडे होते तिचे.

"मी काय ऐकू, तात्या? मला काय कळतंय त्यातलं?" मी भांड्यांकडे तोंड करूनच म्हणाले. पलीकडे काहीच नाही. वळून बघितलं तर तसेच उभे, माझ्या तोंडाकडे बघत.

"जवळ येऊन बोल," म्हणाले. मग चंद्रीला सावरत, "मला ऐकू येत न्हाई, पोरी."

मी हात धुतले आणि भिंतीपाशी गेले.

"मिल हाऊसनं कान खाल्लं. लई वर्सं झाली. गज कानामागच्या हाडाला लावायचो, हाडातनं कळायचं. कोंबडीची घरघर मोठी असली की तशीच गालाला लागती. हिची लई बारीक हाय. घरघर हाय का गेली, तेच कळंना."

"आधी सांगायचं तरी, तात्या."

ते चंद्रीच्या पाठीवरून बोट फिरवत होते. "सरू तीन म्हयने खोकत हुती. गजराला भिंतीपल्याड ऐकू जायचं. आख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. तिनं मला सांगितलं न्हाई, मला उगं घोर नको म्हनून. एका खोलीत निजायचो आमी. मला वाटायचं, गाढ झोपलीय."

मी हात पुढे केले आणि जन्मात पहिल्यांदा जिवंत कोंबडी धरली. किती गरम असते. कानाला लावली, डोळे मिटले. आत बारीक बारीक ठोके पडत होते, भराभर. घरघर नव्हती. दुसऱ्या बाजूनं धरून पुन्हा ऐकलं. नव्हती.

भिंत बुटकी होती. मी पदर खोचला, ओलांडून पलीकडे गेले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "वाजत नाही, तात्या. साफ आहे."

त्यांनी मान हलवली. चंद्रीला घेतलं, धोतराच्या सोग्यानं तिची चोच पुसली, मग आपले डोळे पुसले. म्हणाले, "एक काम करशील? गल्लीत कुनी खोकलं तर मला सांगत जा."

पुढे आमची बदली होईपर्यंत मी सांगत गेले. गजराकाकूंचा खोकला सांगितला, कुणाच्या बाळाची सर्दी सांगितली, माझा स्वतःचासुद्धा सांगितला. तात्या लगेच अडुळसा घेऊन निघायचे. पण भिंतीवरून हाक मारून मी कधी सांगितलं नाही. जवळ जाऊन सांगायचे.