सात हरभरे, एक तूर

"ही शिट्टी येक दिवस मी चुलीत घालनार हाये," आशाबाईंच्या मानेमागं कोणीतरी पुटपुटलं.

कोणीतरी म्हणजे द्वारकाबाईच. रस्सीखेचीच्या दोरीवर आशाबाई सातव्या आणि त्यांच्या मागं, कमरेला दोरीचा वेढा घेऊन, शेवटच्या द्वारकाबाई. इतकं खेटून उभं राहिलं की मागचीचा श्वास काय, मनातलंसुद्धा मानेवर येतं. फक्त द्वारकाबाई एक गोष्ट विसरल्या होत्या. ती शिट्टी ज्यांच्या गळ्यात होती, ते बद्रीनाथ सर आशाबाईंचे मालक होते.

आशाबाईंनी ऐकलंच नाही असं दाखवलं. गेली दोन वर्षं त्या हेच करत आल्या होत्या.

पुंडलिकनगरातल्या गल्ली नंबर चारच्या आठ बायकांचा हा संघ. समोरून ओढायला कोणी मिळेना, म्हणून दोरीचं दुसरं टोक लिंबाच्या झाडाला बांधलेलं. रविवारी महिला मंडळांच्या स्पर्धेची फायनल होती, सिडकोच्या बायकांशी, आणि गल्लीत दुसरा विषयच उरला नव्हता. दळण टाकायला गेलं तरी चक्कीवाला पीठ भरता भरता विचारायचा, "औंदा तरी ओढनार ना?"

'औंदा तरी' म्हणायला कारण होतं. मागच्या वर्षी सेमीफायनलला गल्ली चार जिंकतच आली होती. दोरीवरचा लाल रुमाल हातभर अलीकडं आला होता. तेवढ्यात सरांना दिसलं, की सगळ्यात पुढच्या वहिदाचा पाय चाळीस अंशांत आहे, पंचेचाळीस पाहिजे. ते सांगायला त्यांनी शिट्टी मारली. शिट्टी वाजली की थांबायचं, हे त्यांनीच महिनाभर घोटून घेतलेलं. आठही बायकांनी शिस्तीत दोरी सोडली. समोरच्या आठ जणी धाडदिशी उताण्या पडल्या आणि पडल्या पडल्या जिंकल्या.

यंदा फायनलपर्यंत आल्या त्या नशिबानं. पहिल्या फेरीतला संघ लग्नाला गेला होता आणि दुसऱ्या फेरीतल्या संघात भांडण लागून चारच जणी आल्या होत्या.

सर होते गणिताचे मास्तर. रिटायर झाल्यावर पहिले तीन महिने ते स्वयंपाकघरात शिरले होते. आशाबाईंच्या एकेका डब्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली. 'मोहरी, उपयोग फोडणी.' 'लवंगा, नग बासष्ट.' त्रेसष्टावी लवंग कुठून आली म्हणून एकदा अख्खी दुपार चौकशी चालली. मग गल्लीत रस्सीखेचीचा संघ निघाला, कोणाकडंच शिट्टी नव्हती, सरांकडं होती, आणि ते कोच झाले. संध्याकाळचे दोन तास स्वयंपाकघर मोकळं झालं. शिवाय घरातून निघताना सर केस विंचरायला लागले. आशाबाईंना दोन्हींचं मोल ठाऊक होतं. सरांचं हे कोचपद गेलं, तर ते थेट लवंगांवरच परत येणार होते.

आणि नेमकं ते जायची वेळ आली होती.

झालं होतं असं, की मागच्या सोमवारी सर डोळे तपासायला गेले. त्या संध्याकाळी संघातल्याच साळूबाई दोरी सोडून बाजूला उभ्या राहिल्या. साळूबाई पिशोर गावच्या. दावं तोडून सुटलेली म्हैस एकटीनं ओढून गोठ्यात आणलेली बाई. त्यांनी अंश वगैरे काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाल्या, "हूं." सगळ्या ओढायच्या. थांबायच्या, पुन्हा "हूं." तेवढ्यात नाक्यावरचे पाच रिक्षावाले गंमत म्हणून समोरच्या टोकाला लागले. दुसऱ्या 'हूं'ला ते नालीपाशी आले, चौथ्याला नालीत.

त्या दिवसापासून बायकांच्या डोळ्यांत चमक आली होती. पण सरांना सांगायचं कोणी?

शेवटी गुरुवारी वहिदानं तोंड उघडलं. वहिदा ब्लाऊज शिवायची. आख्ख्या गल्लीची मापं तिच्याकडं, त्यामुळं ती कोणाला भीत नसे. ती म्हणाली, "सर, फायनल हाय. कोच कौन रहना, ये एक बार खेलनेवालोंको पूछना चाहिये."

"वर्गातली पोरं कधी मास्तर निवडतात का?" सर हसत म्हणाले.

"नक्को निवडने दो. पर सर, समझाते आप हैं, गिरते तो हम हैं ना?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तर्कशुद्ध बोलणाऱ्यापुढं त्यांचं काही चालत नसे. "मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. "घ्या मतदान. माझ्यासमोर उभं कोण?"

सगळ्या लिंबाकडं बघायला लागल्या.

"साळूबाई," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या.

"मला कामून मधी घेता?" साळूबाई दचकल्या.

"नुस्तं नावाला गं. इलेक्शन म्हनल्यावर समोर कुनीतरी लागतंच की."

मतदान गुप्त ठेवायचं ठरलं. साळूबाईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून चिठ्ठ्यांऐवजी दाणे घ्यायचे. सर पाहिजे असतील तर तुरीचा दाणा, साळूबाई पाहिजे असतील तर हरभरा. सरांना मात्र ही पद्धत सांगायची नाही, नाहीतर ते दाणे आधीच मोजून ठेवायचे. आणि उद्या घोटाळ्याचा आळ नको म्हणून डबा ठेवायचा सरांच्याच घरात. सरांनी शनिवारी दहा ते चार घराबाहेर राहायचं कबूल केलं. फायनलसाठी नवी शिट्टी घ्यायला त्यांना शहागंजच्या बाजारात जायचंच होतं.

शनिवारी एकेक जण येत गेली. विरजण मागायच्या, चाळणी मागायच्या, पदराआड मूठ धरून आत जायच्या. टप्प आवाज यायचा आणि बाहेर येऊन प्रत्येक जण म्हणायची, "तूर टाकली बरं का आशाबाई." कोणी विचारलेलं नसताना. वहिदा तर दोनदा म्हणाली, "तूरच डाली भाभी, कसम से नक्को पूछो."

सगळ्यांत शेवटी आशाबाई डब्यापुढं उभ्या राहिल्या. एका मुठीत तूर, एका मुठीत हरभरा. बराच वेळ उभ्या राहिल्या, मग डोळे मिटून एक मूठ उघडली, झाकण लावलं आणि वाळत घातलेल्या मिरच्या हलवायला गच्चीवर गेल्या.

अर्ध्या तासानं खाली येऊन बघतात तर सर ओट्यापाशी उभे. शहागंजात पहिल्याच दुकानात दुकानदार इलियासभाईनं चांगली शिट्टी दाखवली आणि घासाघीस न होता काम आटोपलं. चार वाजायचे आहेत, हे ते विसरूनच गेले होते. त्यांच्यासमोर मतांचा डबा होता. स्वच्छ धुतलेला, पालथा घातलेला.

"आशा," ते चिंतेनं म्हणाले, "आपल्या घरात ही भेसळ कधीपासून? बिनचिठ्ठीचा डबा, त्यात सात हरभरे आणि एक तुरीचा दाणा. मी ज्याचे त्याच्या डब्यात घातले. हरभरे हरभऱ्यात, तूर तुरीत."

आशाबाई पाटावर बसल्या.

मतमोजणी पाच वाजता. मतं तुरीच्या आणि हरभऱ्याच्या डब्यांत मिसळून गेलेली, आणि निकाल जगात दोघांनाच ठाऊक. एकाला निकाल माहीत होता, पण तो निकाल आहे हे माहीत नव्हतं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं."

"साखरपाणी करू? साखर दुसऱ्या फळीवर, डावीकडून चौथी."

आशाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. शर्टाच्या खिशात नवी शिट्टी, तिला नवी निळी दोरी. केस नीट विंचरलेले. सात विरुद्ध एक ऐकल्यावर हा माणूस उद्यापासून काय करणार? बासष्ट लवंगा मोजणार. सर हातपाय धुवायला गेले तेवढ्यात त्या उठल्या, डबा पुसला आणि त्यात सात तुरीचे दाणे टाकले. मग सगळंच खोटं वाटू नये म्हणून एक हरभरा.

पाचला लिंबाखाली सगळ्या जमल्या. रिक्षावालेही येऊन उभे राहिले, आता नालीपासून लांब. वहिदानं आधी पद्धत जाहीर केली, "तूर मतलब सर, हरभरा मतलब साळूबाई," आणि डबा परातीत उपडा केला.

सात तूर. एक हरभरा.

वहिदानं परातीत वाकून बघितलं, परत बघितलं आणि कानापर्यंत लाल झाली. द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. आशाबाईंच्या ध्यानात आलं, की त्या एकुलत्या एका हरभऱ्याकडं प्रत्येक बाई आपलाच म्हणून बघते आहे. बाकीच्यांनी शब्द पाळला, दगाबाज आपणच एकट्या, अशा चेहऱ्यानं.

"मुबारक हो, सर," वहिदा पडेल आवाजात म्हणाली.

"आमाला ठाऊकच व्हतं," द्वारकाबाई म्हणाल्या.

सर फुलून आले. नवी शिट्टी त्यांनी गळ्यात घातली, दोन शब्द बोलायला घसा खाकरला, आणि परातीकडं बघता बघता थांबले. कपाळावर ती आठी पडली, जी उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं नाही की पडायची.

"एक मिनिट," ते म्हणाले. "हा डबा दुपारी मी धुतला. तेव्हा त्यात सात हरभरे होते आणि एक तूर."

"ऊन फार होतं आज," आशाबाई म्हणाल्या. "मोजायला चुकलं असेल."

"माझं?"

गप्प बसले असते तर सर जिंकलेलेच होते. पण चुकीच्या बेरजेखाली सही करणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. ते खाली बसले, परातीतले दाणे उलटसुलट मांडले आणि म्हणाले, "म्हणजे खरा निकाल हा. सात जणींना साळूबाई पाहिजेत. एकीला मी."

"त्यो येक माझा," साळूबाई घाईनं म्हणाल्या. "मला आपल्याच नावाचा टाकायची लाज वाटली."

सर बोटावर मोजायला लागले. संघात आठ. त्यातल्या साळूबाई वजा. उरल्या सात. हरभरेही सात. त्यांचं बोट हळूहळू एकेकीवरून फिरत आशाबाईंपाशी आलं आणि तिथंच थांबलं.

आशाबाईंना वाटलं, लिंबानं पोटात घ्यावं.

"तू पण?"

"जिंकायचं होतं हो मला," आशाबाई म्हणाल्या. "एकदा तरी. मग तुमचा चेहरा बघवेना, म्हणून उलटे दाणे घातले."

सरांनी गळ्यातली शिट्टी निळ्या दोरीवर मागंपुढं सरकवली. रिक्षावाल्यांनी उगाच आपापल्या रिक्षांकडं बघून घेतलं.

"मी कधी दोरी ओढलेलीच नाही," शेवटी सर म्हणाले. "हातात धरूनसुद्धा पाहिली नाही. सगळं पुस्तकातलं. घरात करमत नाही मला, म्हणून येतो."

आठ बायका पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभ्या राहिल्या. ही गोष्ट ठाऊक नाही अशी एकही बाई गल्लीत नव्हती. फक्त सरांना ठाऊक आहे, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

साळूबाई पुढं झाल्या. लिंबाच्या बुंध्याची गाठ सोडली आणि दोरीचं ते टोक सरांच्या हातात दिलं.

"मंग आज धरा," त्या म्हणाल्या. "आमी कवर या झाडाला ओढायचं? समोर मानूस लागतंय. घ्या की हे रिक्षावाले तुमच्या संगं."

बायकांनी आपापल्या जागी दोरी धरली. सरांनी उठून आपलं टोक घट्ट धरलं, पाय रोवला, वाकून त्याचा अंश बघितला. सवयीनं त्यांचा हात छातीपाशी जाऊन शिट्टी तोंडाला लावणार, तेवढ्यात आशाबाईंच्या मानेमागून आवाज आला. या वेळी पुटपुटलेला नव्हता. पार चक्कीपर्यंत जाईल असा होता.

"सर, तुमी रोज या. पन ती शिट्टी तेवढी घरी ठिवा."