वजा होत जाणारे बाबा

लेकीला वजाबाकी आपणच शिकवायची, असं कारकुनांनी ठरवलं आणि घरात घोळाला सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाई तोंडी गणितं घेणार होत्या. जमलं नाही, तर लेकीची रवानगी पुन्हा लहान वर्गात. पोरगी ‘वजा’ म्हटलं तरी रडवेली व्हायची. आई शिवणकाम करणारी. तिनं बटणांचा डबा पुढे केला.

“बटणं? अगं, जग कुठे चाललंय!” कारकून हसले. (ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद घालायलाही त्यांना शिपाई लागतो, ते सोडा.)

त्यांनी टीव्हीवर आकड्यांच्या रेघेचा खेळ घेतला. टीव्हीवरच्या कॅमेऱ्यासमोर पुढे पाऊल टाकलं की पडद्यावरची काळी सावली पुढच्या आकड्यावर जाणार, मागे टाकलं की मागच्या. चित्र ठळक दिसावं म्हणून त्यांनी भरदुपारी खिडक्यांचे पडदे ओढले. पोरगी कोपऱ्यात बसली. कारकून टीव्हीची वायर खोचून मागे वळतात, पुन्हा बघतात, तर नऊ आकड्यावर कोणीतरी उभं!

“तू उठलीस का गं?”

“नाही बाबा. मी इथेच बसलेय.”

सावलीला तोंड नव्हतं. कारकून दोन पावलं मागे सरले. सावलीही सरली. पुढचे दोन आकडे विझले.

“नऊ वजा दोन,” टीव्हीतली बाई संथपणे म्हणाली, “सात.”

कारकुनांनी कपाळ पुसलं. सावलीनंही पुसलं. (तिलाही घाम फुटतो म्हटल्यावर ते पारच गार पडले.)

“क... कोण आहे?”

आतलं शिलाई मशीन नेमकं तेव्हाच थांबलं. ते आणखी तीन पावलं हटले.

“सात वजा तीन...”

“चार!” पोरगी कोपऱ्यातून ओरडली. “बाबा, अजून!”

“अजून काय, अजून! दार उघड आधी!” असं म्हणत ते मागे सरकत गेले. तीन, दोन, एक. रेघेवर एकच आकडा उजळत राहिला, शून्य. आणि त्यांच्या खांद्यावर मागून अलगद एक हात पडला.

कारकुनांची किंकाळी ऐकून बायको गळ्यात टेप घेऊन धावत आली. तिनं दिवा लावला. मागे तिचाच, कपडे बेतायचा कापडी पुतळा उभा होता, आणि त्याच्या अर्धवट शिवलेल्या कोटाची बाही नवऱ्याच्या खांद्यावर.

कारकुनांनी टीव्हीतल्या सावलीकडे बोट दाखवलं. “अहो, कॅमेऱ्यासमोर तुम्हीच उभे आहात ना!”

“मी तर शिकवत होतो,” कारकून पुटपुटले. शिकवणारा मोजला जात नसतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

दुसऱ्या दिवशी लेकीनं वजाबाक्या धडाधड सांगितल्या. बाई खूश झाल्या, म्हणाल्या, पोरगी याच वर्गात राहील. लेकीला न्यायला आलेल्या कारकुनांची छाती फुगली.

“फक्त बेरीज विचारली की गप्प बसते,” बाई म्हणाल्या. “कारण विचारलं, तर म्हणते, आमचे बाबा पुढे येतच नाहीत. तेवढं आईला घ्यायला सांगाल?”