खिडकीच्या जागेवरची टोपी

शेवगावच्या स्टँडवर सकाळची नगरची गाडी लागली, की सगळ्यांच्या आधी खिडकीतून आत जायची ती अण्णांची टोपी. बाकीचे लोक रुमाल टाकून जागा धरतात. अण्णांचा रुमालावर विश्वास नाही. "रुमाल कुनी बी उचलतं. म्हाताऱ्याची टोपी उचलायला छाती लागती," असं त्यांचं म्हणणं. आजवर ती कोणी उचललेली मी तरी पाहिली नाही.

अण्णा स्वतः मात्र कुठेच जात नसत. ते माझे शेजारी. सारा जन्म गावातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये गेला, घरापासून हाकेच्या अंतरावर. जागा धरायची ती मुलीसाठी. सुरेखा नगरच्या एमआयडीसीत कामाला, मीही तिथेच. अण्णा मला रोज सुनवायचे, "कारखाने समदे एका जागी नेऊन ठिवले अन् मानसं ऱ्हायली हितं. कुनाच्या डोक्यातून निघालं वो हे?" जणू ते नकाशे मीच काढले होते.

एकदा पाटी न बघता त्यांनी जामखेडच्या गाडीत टोपी टाकली आणि गाडी सुटली. "उघड्या डोक्यानं पेठेतून जाऊ व्हय?" म्हणत त्यांनी सुरेखाची ओढणी डोक्याला गुंडाळली आणि घर गाठलं. दुसऱ्या दिवशी कंडक्टरने टोपी आणून देईपर्यंत ते दाराबाहेर पडले नाहीत. आम्ही पोट धरून हसलो होतो.

त्यांच्या जिवाला काय घोर होता ते मला उशिरा कळलं. घरात बापलेक दोघंच. उभ्याने प्रवास करून सुरेखाचे पाय सुजायचे आणि ती नगरला खोली घ्यायचं बोलू लागली होती. बसून जायला मिळालं तर पोरगी राहील, एवढीच अण्णांची आशा. पण संध्याकाळच्या परतीच्या गाडीत टोपी टाकायला तिकडे कोण होतं? शेवटी तिने खोली घेतलीच.

त्यानंतरच्या सोमवारी स्टँडवर आलो, तर टोपी खिडकीच्या जागेवर. सवयीने टाकली असेल, असं वाटून मला कसंसंच झालं.

"बसा तुमी," अण्णा खालून म्हणाले.

मी बसलो आणि टोपी खिडकीबाहेर धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"सुरेखाला द्या. म्हनावं, शनवारी गाडीला लई गर्दी असती. ही टाकायची अन् बसून घरी यायचं."

"आणि तुम्ही, अण्णा?"

"माझं काय? मी हितंच हाय की."

गाडी वळली तेव्हा अण्णा भर पेठेतून उघड्या डोक्याने घराकडे चालले होते. टोपी बॅगेत ठेवायचं मला धाडस झालं नाही. नगरपर्यंत ती मी मांडीवरच धरून बसलो.